फुलदाणीत हात अडकलेला पाहुणा

मी देवी डॉक्टर होतो. डॉक्टर म्हणजे नावालाच. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सहा महिने साताऱ्याला सुई धरायला शिकलेला आणि मग सायकलवरून गावोगाव फिरून पोरांना देवी टोचणारा माणूस. लोक डॉक्टर म्हणायचे, पण मी वेशीत दिसलो की बायका पोरं काखेत मारून घरात पळायच्या. दंडावर खरवडायचं, तिथं लस लावायची, मग ते पिकायचं, पोराला ताप यायचा, चार दिवस रडारड व्हायची. देवी येऊन पोर गेलं तर देवीचा कोप, आणि टोचल्यावर ताप आला तर डॉक्टरचा दोष, असा एकंदर न्याय होता. एका घरात मला कणगीआड बसवलेली दोन पोरं सापडली. दुसऱ्या एका गावात पोरालाच शिकवून ठेवलं होतं, विचारलं तर सांग, मी पावणा हाय, ह्या गावचा न्हवं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या खात्याला प्रचारासाठी एक मोटार मिळाली. लढाईत वापरलेली जुनी गाडी होती, हिरवा रंग तसाच होता. मागच्या भागात सिनेमाचं मशीन, वीज करायचं लहान इंजिन, एक कर्णा आणि गुंडाळलेला पडदा. दिवेलागणीला गावात सिनेमा दाखवायचा, लोक जमवायचे, देवीच्या रोगाची माहिती सांगायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोचायचं, अशी योजना. मला इंग्रजी वाचता येतं म्हणून कर्ण्यावर बोलायचं काम माझ्याकडं आलं.

गाडी चालवायला आणि मशीन फिरवायला मिरजेचे एक गृहस्थ होते. पंचेचाळिशीचे, लष्करात मोटार ड्रायव्हर होते, लढाई संपल्यावर सुटून आलेले. मी त्यांना चाचा म्हणायचो. माणूस बोलायचा कमी. गाडी, मशीन आणि पाच वेळची नमाज, ह्यात त्यांचा दिवस जायचा. मशीनला हात लावायच्या आधी ते हात धुवायचे आणि स्वतःच्या रुमालाला पुसायचे.

आमच्याकडं दोन डबे होते. एका डब्यात देवीच्या रोगाचा सिनेमा, पंधरा मिनिटांचा. दुसऱ्या डब्यात एक विनोदी मूकपट, विलायती, जुना. लोकांनी पहिला बघावा म्हणून दुसरा. त्याची गोष्ट अशी होती : एका बड्या साहेबाच्या बंगल्यात मेजवानी आहे. एका किरकोळ माणसाला पत्ता चुकल्यामुळं तिचं आमंत्रण जातं. तो आखूड कोट घालून तिथं येतो. दारावरचा नोकर त्याची टोपी घ्यायला बघतो, हा सोडत नाही. गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि सावरायला पडदा धरतो, तो पडदाच खाली येतो. घाबरून कोटाचं बटण पिळत बसतो, ते तुटून एका उभ्या फुलदाणीत पडतं. ते काढायला हात घालतो आणि हात आत अडकतो. तेवढ्यात यजमान हस्तांदोलनाला पुढं येतो. मग नाच सुरू होतो, हा फुलदाणीसकट नाचात ओढला जातो आणि चार जणांची डोकी शेकतात. शेवटी टेबलावर जेवायला बसतात, तेव्हा हा रुमाल समजून टेबलाच्या चादरीचं टोक गळ्यात खोचतो. कुणीतरी भाषणाला उभं राहतं, हाही उभा राहतो, आणि सगळी भांडी खाली. मग दोन नोकर त्याला दोन्ही बाजूंनी धरतात आणि पायऱ्यांवरून खाली ढकलतात. फुलदाणी हातात तशीच घेऊन तो रस्त्यानं निघून जातो. संपलं.

साताऱ्याला कचेरीत आम्ही तो खिडक्यांना घोंगड्या लावून बघितला, तेव्हा हेडक्लार्क हसून हसून डोळे पुसत होते. मीही हसलो. आता गावात गाडी जाईल आणि पोरं आपोआप रांगेत उभी राहतील असं मला वाटलं.

पहिला खेळ वडूजपासून सहा-सात मैलांवरच्या एका गावात झाला. माळरानाचं गाव, बाजरी आणि हुलगे पिकवणारं. तालमीतली बरीच पोरं पलटणीत गेलेली. आमची उतरायची सोय ज्या घरी केली होती, त्या घरची बाई पन्नाशीची होती. तिचा मुलगा लष्करात होता, तिकडं उत्तरेत कुठंतरी. सून आणि दोन वर्षांचा नातू तिच्यापाशी होता. तिनं आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं, गूळ-पाणी पुढं ठेवलं, आणि मग शांतपणे सांगितलं, "जेवान करून घालते, ऱ्हावा दोन दिस. पर माज्या नातवाला हात लावायचा न्हाई. आदीच सांगून ठेवते."

मी म्हटलं, "मावशी, आधी सिनेमा तर बघा."

अंधार पडल्यावर देवळापुढं पडदा लागला. सगळा गाव लोटला होता. देवीचा सिनेमा लोकांनी एक शब्द न बोलता बघितला. मग दुसरा लागला. मी कर्णा तोंडाशी धरून पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी पाटीचं मराठी करून सांगू लागलो. हा बडा बंगला, ही मेजवानी, ह्या माणसाला चुकून आमंत्रण गेलंय, तो आता आत चाललाय.

पाहुणा फरशीवर घसरला तेव्हा पोरं हसली. कुणीतरी म्हातारा त्यांच्यावर खेकसला, "गप बसा की रं." पुढं पोरंही हसेनात. फुलदाणी आली, मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुढच्या रांगेत आमच्या घरची बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "डाक्टर, त्याला बोलावलंय न्हवं?"

मी कर्ण्यातूनच उत्तर दिलं, "चुकून बोलावलंय, मावशी."

"चुकून का हुईना, बोलावलं न्हवं? मग त्याला कुनी बस म्हनालं का?"

मी पडद्याकडं बघितलं. खरोखरच कुणी म्हणालं नव्हतं. त्या सबंध सिनेमात पाहुण्याला बस असं कुणीच म्हणत नाही, हे मी दोनदा बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी त्या दोघा नोकरांनी त्याला पायऱ्यांवरून ढकललं, तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. "उपाशी घालिवला," असं कुणीतरी म्हणालं. माणसं उठून घरी गेली. पाटलांनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "असलं पोरांम्होरं दाखवत जाऊ नका."

सकाळी चावडीपुढं मी सुई आणि लस घेऊन बसलो. दहा वाजेपर्यंत पाच पोरं आली, तीही पाटलांच्या भावकीतली. जेवायला घरी गेलो तर बाईनं भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा वाढला. वाढता वाढता म्हणाली, "माजा ल्योक बी असाच कुनाच्यातरी दारात जात आसंल. पत्रात लिवतोय, साहेबानं जेवायला बोलावलं हुतं. कसं बसायचं, कशानं खायाचं, त्याला तरी काय ठावं?" मला भाकरी नीट गेली नाही. आपण कुणाची तरी चेष्टा केली आणि त्या माणसाची आई समोर बसली होती, असं काहीसं वाटत राहिलं.

पुढच्या गावाला जाताना वाटेत एका ओढ्यात चाचांनी गाडी थांबवली, तोंड धुतलं आणि कडेला बसले. मीच विषय काढला. म्हटलं, "चाचा, कचेरीत सगळे हसले. इथं का नाही हसले?"

चाचा रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "एक सांगू काय डॉक्टर? लढाईत आमी इटलीत हुतो. गाडी बिघडली म्हणून एका खेड्यात दोन दिवस अडकलो. तिथल्या शेतकऱ्यानं घरात नेलं. शेवयांसारखं कायतरी वाढलं, पर एकेक शेवई हातभर लांब. मी आपला हातानं उचलतोय, त्या मिशीला लोंबायला लागल्या. घरातली सगळी हसली. म्हातारी तर पोट धरून हसली. मीबी हसलो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"न्हाई. त्यांनी आदी खुर्ची दिली हुती, पाणी दिलं हुतं. धाकट्या पोरीनं आपला पाव मोडून मला दिला हुता. मग हसली. आपल्या माणसावर हसतात तशी. ह्यो तुमचा पावणा कुनाचाच न्हाई. त्याच्यावर कोण हसंल?"

गाडी पुन्हा चालू झाली. मी वाटभर विचार करत होतो. पाहुण्याला कुणाचा तरी करायला हवा होता. असा, की ज्याच्यावर हसलं तरी पाप नाही. आमच्या बाजूला असा पाहुणा एकच. जावई. पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला आलेला जावई. त्याचे लाड करायचे, त्याला पहिला पाट द्यायचा, आणि मेव्हण्या-मेव्हणींनी मिळून त्याची हवी तेवढी फिरकी घ्यायची, हे सगळं रीतीला धरूनच असतं.

त्या संध्याकाळी मी इंग्रजी पाट्या वाचल्याच नाहीत. कर्णा घेतला आणि माझ्या घरच्या बोलीत सुरू केलं. मी मूळचा कराडकडच्या एका खेड्यातला. शाळेत मास्तरांनी छडी मारून माझी भाषा सरळ केली होती, ती मी त्या दिवशी सोडून दिली.

"मंडळी, ह्यो बगा जावई. नवा कोट घालून दिवाळसनाला आलाय. ह्यो दारात हुबा हाय त्यो थोरला मेव्हना. त्यो म्हनतोय, द्या तुमचं पागुटं, सांभाळून ठिवतो. जावई लय हुशार. त्याला ठावं हाय, एकदा पागुटं गेलं की परत मिळायचं न्हाई."

पहिलं हसू तिथंच आलं, मागच्या बायकांतून. तो फरशीवर घसरला तेव्हा मी म्हणालो, मेव्हणीनं तेल सांडून ठेवलंय. फुलदाणीत हात घातला तेव्हा म्हणालो, सासूनं लाडू हितं लपवून ठेवल्यात हे बायकूनं कानात सांगितलं हुतं. मूठ भरून लाडू धरलाय, आता मूठ सुटंना आन् हात निघंना. यजमान पुढं आला, तो झाला सासरा. पुरुष गुडघ्यावर थापा मारत होते. एक बाई हसता हसता पडद्याकडं पाठ करून बसली.

शेवटच्या भागाची मला धास्ती होती. दोन नोकर त्याला दंडाला धरून नेतात ते दिसतच होतं. मी म्हणालो, "जावई रुसला. म्हनतोय, लाडू बी न्हाई आन् मान बी न्हाई, आमी चाललो. दोन्ही मेव्हनं हाताला धरून म्हनत्यात, दाजी, नगा जाऊ. पर दाजी हिसडा मारतोय बगा." आणि बरोब्बर त्या क्षणी पडद्यावर पाहुणा पायऱ्यांवरून खाली गेला. लोकांना हिसडाच दिसला. सासूनं मागनं लाडूचा डबा धाडला, असं सांगून मी खेळ संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मला मान वर करता आली नाही, इतकी पोरं आली. बायका पोराला टोचून घेता घेता "दाजी" म्हणून हसत होत्या, आणि आईच हसतेय म्हटल्यावर पोरंही जरा कमी रडत होती. पुढच्या गावातही तेच झालं. त्याच्या पुढच्या गावाला आमच्या आधीच बातमी पोचली होती.

टोचल्यावर आठव्या दिवशी फोड नीट आलाय का ते बघायला परत जावं लागे. म्हणून मी त्या पहिल्या गावी सायकलवर एकटाच गेलो. पाच पोरांचे दंड बघायचे होते, अर्ध्या तासाचं काम. त्या बाईच्या घरावरून जाताना तिनं हाक मारली. पाणी दिलं आणि विचारलं, "त्या पावण्याचं फुडं काय झालं वो?"

मला वाटलं, सोपं आहे. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. तो पाहुणा नव्हता. जावई होता. रुसून निघाला होता. मेव्हणे त्याला अडवत होते."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "डाक्टर, मी डोळ्यांनी बघितलंय. बकुटीला धरून पायरीवरनं खाली घातला त्याला. जावयाला असं कुनी करत न्हाई."

पुष्कळ माणसांना फसवून आलो होतो, पण तिच्यापुढं जीभ वळेना. शेवटी म्हटलं, "खरं आहे मावशी. जावई मी केला. लोक हसावेत म्हणून. हसले की पोरं आणतात."

"आनत्यात का?"

"आणतात."

तिनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "शेजारच्या वाडीत गेल्या साली दोन पोरं गेली देवीनं. मला का ठावं न्हाई? पर त्या दिवशी तुमच्या फिल्लममधी मानसाला असं हाकललेलं बघून माजा जीवच उडाला. म्हनलं, असल्या लोकांच्या हातात पोर कसं द्यायाचं?" आणि तिनं सुनेला हाक मारून नातवाला बाहेर आणायला सांगितलं. माझ्याजवळ लस होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी तिथंच ओट्यावर त्याला टोचलं. पोर मोप रडलं. बाईनं त्याचा दुसरा दंड घट्ट धरून ठेवला होता.

महिन्याभरानं आमचे साहेब फिरतीवर आले. शिकलेले, पुण्याकडचे, वागायला सरळ. आमच्या तालुक्यात टोचलेल्या पोरांचा आकडा एकाएकी का वाढला ते त्यांना बघायचं होतं. खेळाला ते मागं खुर्ची टाकून बसले. मला घाम फुटला होता, कारण पाट्यांवर एक होतं आणि मी दुसरंच सांगत होतो. पण खेळ संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "मोठे नट आहात की तुम्ही." आणि पुढच्या आठवड्यात साताऱ्याला त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता, त्याला मला आणि चाचांना मशीन घेऊन बोलावलं. "नीट कपडे करून या. आमची मंडळी असतील," असंही म्हणाले.

मी धोब्याकडून शर्ट धुऊन आणला. चाचांनी त्यांचा लष्करातला कोट घातला. बंगल्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पाच-पंचवीस माणसं होती, वकील, प्रोफेसर, त्यांच्या बायका. कडेची एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी बसलो. शिपाई येऊन हळूच म्हणाला, "तुमी तिकडं मशीनपाशी." मी उठलो. चहा आणि चिवडा आम्हाला पायरीवर आणून दिला. चहा चांगला होता. ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आम्ही कामालाच आलो होतो.

सिनेमा लागला. ते सगळे इंग्रजी वाचणारे होते, माझी गरज नव्हती. पाहुणा घसरला की हसत होते, फुलदाणी आली की हसत होते, आणि ढकलून दिल्यावर तर टाळ्या वाजल्या. मग साहेब उभे राहिले. "आता खरी गंमत पुढंच आहे. हे आपले डॉक्टर खेड्यात हाच सिनेमा कसा सांगतात ते ऐका. पुन्हा लावा."

चाचांनी रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. मी कर्णा घेतला. "मंडळी, ह्यो बगा जावई," असं म्हणालो मात्र, हशा पिकला. मला बरं वाटलं. मी पुढचं सांगू लागलो. मेव्हणा, पागुटं, तेल. प्रत्येक वाक्याला हसू येत होतं, पण ते थोडं आधीच यायचं, वाक्य पुरं व्हायच्या आत. एका बाईनं शेजारणीला "ह्यो बगा" करून दाखवलं. साहेब म्हणाले, "ते 'न्हाई न्हाई' पुन्हा म्हणा हो." तेव्हा मी पडद्यावरची नजर काढून अंगणात बघितलं. पडद्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळी तोंडं माझ्याकडं होती.

पाहुण्याचा हात तेवढ्यात फुलदाणीत अडकला होता. मग मी पुस्तकी मराठीत सुरू केलं, शाळेत धडा वाचतात तसं, आवाज न चढवता. "हे गृहस्थ येथे चुकून निमंत्रित झाले आहेत. त्यांच्या कोटाचे बटण फुलदाणीत पडले आहे. ते काढण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे. येथे त्यांना अद्याप कोणी बसा म्हटलेले नाही." शेवटचं वाक्य पाटीवर नव्हतं. बाकी सगळं पाट्यांवरचं होतं, शब्दाला शब्द. हसू हळूहळू थांबलं. बायका पानं मांडायला आत गेल्या. वकील एकमेकांत बोलू लागले. साहेब म्हणाले, "बरं, पुरे करा आता." चाचांनी दिवा घालवला.

परत येताना गाडीत चाचा म्हणाले, "आवाज बदलला तुमचा मधीच."

"बसला होता जरा."

"व्हय," ते म्हणाले. "बसतो कवा कवा."

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. नोकरी जाते की काय असं वाटून मी सकाळपासून जेवलो नव्हतो. ते माझी फिरतीची वही बघत होते. वर न बघता म्हणाले, "त्या दिवशी काय झालं तुम्हाला? आमच्या घरी म्हणत होत्या, डॉक्टर रागावले."

"नाही साहेब."

त्यांनी वहीवर सही केली. मग म्हणाले, "शिपायानं तुम्हाला खुर्चीवरून उठवलं, हे मला मागून कळलं. मी सांगितलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी वही माझ्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. मी आभार मानले की नाही ते आता आठवत नाही.

पण माझं काहीतरी बिघडलं होतं. त्यानंतर गावात कर्णा हातात घेतला की माझी बोली मलाच बाहेरून ऐकू यायची, त्या अंगणातल्या माणसांना आली असेल तशी. "न्हाई" म्हणताना जीभ अडखळायची. लोक हसत होते, पण कमी. कुठं हसायचं ते त्यांना माहीत होतं म्हणून हसत होते. चाचांच्या लक्षात आलं होतं.

संस्थानं विलीन झाल्यावर आमची गाडी सांगलीच्या बाजूलाही जाऊ लागली होती. त्या फिरतीत आम्ही कुंडलला गेलो. मोठं गाव, उसाच्या मळ्यांचं, माणूस भरपूर. पडदा लावला, देवीचा सिनेमा झाला आणि दुसरा सुरू झाला. मी जावई आणला, पागुटं आणलं, आणि फरशीपाशी येऊन अडकलो. तेल कुणी सांडलं हेच आठवेना. पुढं बसलेला एक तिशीचा गडी उठून आला. पलटणीतून नुकताच सुटून आलेला, अंगात अजून खाकी स्वेटर होता. माझ्यापुढं हात करून म्हणाला, "डाक्टर, द्या हिकडं. मी सांगतो. मला ठावं हाय ह्यो कोन हाय त्ये."

मी कर्णा दिला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

"गड्यांनु," तो म्हणाला, "ह्यो मी हाय. भरती झाल्यावर पयल्यांदा मेजर साहेबाच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं हुतं आमा धा जनांस्नी, तवाची गोष्ट हाय. ही फरशी बगा. आरशावानी. नालाचं बूट घालून चालून दाखवा की रं."

गर्दीत निवृत्त जवान खूप होते. ते आधी हसले. मग त्यांच्या बायका. कुणीतरी ओरडून विचारलं, "आन् ती फुलदानी?" तो म्हणाला, "ती अजून घरी हाय. आई डाळ ठिवती तिच्यात." पायऱ्यांवरून ढकलतात तो भाग आला तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "हाकललं बगा आमाला. दुसऱ्या दिशी सकाळी त्योच मेजर परेडला म्हनतोय, काल कोन हुतं रं? कोनच बोललं न्हाई. धाच्या धा गप."

मी कर्ण्यामागून सरून माणसांत जाऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं सरकून आपल्या घोंगड्यावर जागा दिली. इतके खेळ झाले, पण तो सिनेमा मी गावच्या लोकांत, समोर बसून त्या दिवशी पहिल्यांदाच बघितला. पाहुणा उभा राहिला आणि टेबलावरची सगळी भांडी खाली आली, तेव्हा मला जे हसू फुटलं ते आवरेना. म्हातारा माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "हळू, डाक्टर, हळू. ठसका लागंल."

सकाळी चावडीपुढं पोरं जमली होती. तो खाकी स्वेटरवाला आपल्या दोन पोरींना घेऊन सगळ्यांत पुढं उभा होता. चाचांनी स्टो पेटवून पाणी ठेवलं. मी सुई उकळून घेतली आणि थोरल्या पोरीची बाही वर केली.